कानावरचा फेटा

मुंबई, ता. १२ जानेवारी १९३९

तीर्थरूप मातोश्रींच्या पायांवर डोके ठेवून गिरधरचा नमस्कार. धाकट्या उखाने हे पत्र तुला सावकाश वाचून दाखवावे.

माय, माझी तब्येत बरी आहे. डॉक्टरांनी कानाची वरची कड कापून काढली. जखम भरत आली आहे, ऐकूही नीट येते. रोग वडिलांचाच निघाला, कातडीचा कॅन्सर. पण त्यांना इथे आणले तेव्हा तो मानेत उतरला होता. माझी मान डॉक्टरांनी बराच वेळ चाचपली. गाठ नाही.

बाराव्याला मामांनी मला वडिलांचा फेटा बांधला, तेव्हा माझ्या कानाचे रक्त त्याला लागलेले तुलाच दिसले. "बाप गया, आते तू तरी डाक्टरले दखाड," असे तू चारचौघांत म्हणालीस. मला राग आला होता. आता नाही.

मान दाखवायला अधूनमधून यावे लागेल. ती नुसती खबरदारी आहे. माझाच हात उगाच तिकडे जातो.

तू दोन्ही वेळ जेवतेस ना? उखाने शेतात उन्हात कान झाकूनच फेटा बांधावा.

माझा फेटा आता कापलेल्या कानाच्या बाजूने खाली सरकतो. वडिलांचा कान गेल्यावर त्यांचा फेटा तू बांधून द्यायचीस. आलो की मलाही तसाच बांधून दे.

तुझा,
गिरधर