हिच्या फोनचा राखीव पत्ता

४ फेब्रुवारी, सकाळी ८
बायको बहिणीकडे राहायला गेली, त्याला आज अकरा दिवस. काळजीचं कारण नाही. मी नेटवर्क इंजिनिअर आहे. फोनची ओळख वेगळी, पत्ता वेगळा. फोन दुसऱ्या घरी गेला की तिथला राउटर त्याला नवा पत्ता देतो. फोनचा स्वतःचा ओळख-नंबर तोच राहतो. म्हणजे बायको आहे तीच आहे, माझीच आहे. फक्त पत्ता तात्पुरता बदललाय.
घरच्या राउटरवर हिच्या फोनचा पत्ता मी राखून ठेवलाय. दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.
संकल्प: राउटरला कुणाकुणाचे फोन जोडलेत ती यादी दिवसातून एकदाच बघायची.

५ फेब्रुवारी
नऊ वेळा बघितली. कामाचाच भाग आहे. हिच्या नावापुढे 'ऑफलाइन'.

७ फेब्रुवारी, दुपार
फोन केला. कुठे आहेस, विचारलं. ही म्हणाली, सतरा वर्षं तू एवढंच विचारतोयस. कशी आहेस, हे एकदाही नाही. मी तिला ओळख आणि पत्ता यांतला फरक नीट समजावला. मुकाट्याने ऐकत होती. नंतर लक्षात आलं, फोन कधीच ठेवला होता.
बोलणं एकंदरीत चांगलं झालं.

८ फेब्रुवारी
मेहुणीचा फोन. म्हणाली, भावोजी, ती आता परत येणार नाही, आशा सोडा. मेहुणीला नेटवर्कमधलं ओ की ठो कळत नाही.

११ फेब्रुवारी, दु. ३.२०
ऑफिसातून यादी उघडली. हिचा फोन ऑनलाइन! आमच्या घरी! राखीव पत्त्यावर! किल्ली होतीच तिच्याकडे. तासापूर्वी आलीय, अजून आहे. म्हणजे बसलीय. साहेबांना सांगितलं, पोटात दुखतंय. साहेब म्हणाले, चेहऱ्यावरून तर वरातीला निघालेला दिसतोस.
संकल्प: आत गेल्यावर पहिलं वाक्य 'कशी आहेस?' दुसरं काहीही नाही.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
जिना चढताना वाक्य चारदा म्हणून पाहिलं. दार उघडून मोठ्याने म्हटलंही.
दोन्ही खोल्यांत कुणी नव्हतं. हिचं कपाट रिकामं. फोन ओट्यावर, चार्जरला लावलेला. शेजारी घराची किल्ली आणि चिठ्ठी: 'नवा फोन घेतलाय. यात आपले फोटो आहेत. मला नकोत.'
ओट्याला टेकून खूप रडलो. मग सवयीने यादी उघडली. राउटरच्या मते आम्ही दोघंही घरी आहोत.