बाबांच्या नावातली वेलांटी

बडोदे,
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

ती. लक्ष्मीकांतमामांना भाचीचा, म्हणजे मोहनाचा, वाकून नमस्कार.

तुमचा खोकला आणि मामीचा गुडघा दोन्ही कराडच्या थंडीत शहाण्यासारखे वागत असतील अशी आशा आहे. आम्ही सगळे मजेत. माझं मागचं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलंत ते मिळालं (आईने ते फ्रिजवर चिकटवलं आहे आणि येणारे-जाणारे पाणी पिता पिता वाचतात). तरी या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ जरा पोटात घाला, कारण यंदा परीक्षेच्या धामधुमीत तुमच्या भाचीने ऱ्हस्व वेलांटीची जी सेवा केली, ती तुमच्या शाळेतल्या कुठल्याही मास्तरांनी केली नसेल. हो, मी गर्वाने बोलते आहे. पुढेही तसंच आहे, सवय करून घ्या.

तर झालं असं, की बाबा डिसेंबरअखेर बाजव्याच्या कारखान्यातून निवृत्त होणार होते आणि निरोपसमारंभात दाखवायला मी त्यांच्यावर एक छोटी फिल्म करायची ठरवली. बाबांना पत्ता लागू द्यायचा नव्हता. समारंभ शनिवारी आणि माझा शेवटचा पेपर, कंपायलर डिझाइन, आदल्या दिवशी शुक्रवारी. (कंपायलर म्हणजे आपण लिहिलेल्या ओळींचा चालता प्रोग्राम करून देणारा प्रोग्राम. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.) व्हिडिओ जोडायला मी एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. जगभरातले हौशी लोक मिळून ते लिहितात आणि त्याचा आतला सगळा मजकूर कुणालाही उघडून बघता येतो, बदलताही येतो. फोटो लावले, सनई लावली, आणि सुरुवातीला बाबांचं नाव एकेक अक्षर उमटत यावं असं केलं. उमटलं ते असं, की आधी नुसता 'व', मग एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली वेलांटी, मग 'श', मग लंगडणारं पायमोडकं चिन्ह, मग आणखी वर्तुळं. विश्वासराव या नावाची पार भेळ झाली होती!

मी सरळ इंग्रजीत नाव टाकलं असतं तर हे पत्र इथेच संपलं असतं. पण मामा, कारखान्यात बाबांना जन्मभर सगळे 'विश्वासभाई' म्हणत आले. त्यांच्या ओळखपत्रावर इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं, टेबलावरच्या पाटीवर गुजरातीत, तेही अर्धंच. निदान जाताना तरी त्यांचं नाव त्यांच्या भाषेत आणि धड दिसावं असं मला फार वाटलं. म्हणून मी त्या सॉफ्टवेअरच्या पोटात शिरले.

रोग लवकरच सापडला. लिहिणाऱ्यांनी इंग्रजी डोळ्यांपुढे ठेवलं होतं, म्हणून प्रोग्राम प्रत्येक खूण वेगळं अक्षर धरून सुटी सुटी छापत होता. आपला 'श्वा' हा तीन-चार खुणांचा मिळून एक, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी त्या मंडळींना कळवलं. फिनलंडच्या युहानी नावाच्या गृहस्थांचं उत्तर आलं, की ती वर्तुळं फार सुंदर दिसतात, तुमच्याकडे समारंभाला अशी नक्षी काढायची पद्धत नाही का? मग मी त्यांना वेलांटी शिकवली. कंप्युटरवर ती टाइप करायची अक्षरानंतर पण दिसते अक्षराच्या आधी, हे वाचून त्यांनी दिवसभर उत्तरच दिलं नाही. (मला वाटलं माणूस गेला. नंतर कळलं, ते कागदावर 'कि' काढून बघत होते. त्यांनी फोटो पाठवला. 'कि' चांगला होता.)

शोधण्यापेक्षा दुरुस्ती करणं महाग पडलं. एक ओळ बदलली की सगळं पुन्हा कंपाइल करायचं, आणि आपला लॅपटॉप म्हातारा. पडद्यावर ओळी सरसर सरकत राहायच्या आणि यंत्र तव्यासारखं तापायचं. आईला वाटायचं अभ्यास जोरात चालला आहे. थंडीत विरजण लागेना म्हणून ती दह्याचं भांडं लॅपटॉपला टेकवून ठेवू लागली, आणि खरंच, एवढं घट्ट दही आमच्याकडे उन्हाळ्यातही लागत नाही. एका दुपारी मी टेबलावर डोकं ठेवून झोपले असताना शेजारच्या कांचनबेन डोकावल्या आणि आईला म्हणाल्या, "मोहना तो सूई गई, पण एनुं कम्प्युटर हजी भणे छे!" मुलगी झोपली तरी तिचं यंत्र अभ्यास करतंय, याचं आईला इतकं कौतुक वाटलं की तिने सगळ्या सोसायटीत सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी मी शेवटची ओळ बदलली आणि पडद्यावर 'वि' आला. अख्खा. मग 'श्वा'. मी एवढ्याने ओरडले की आई लाटणं घेऊनच बाहेर आली. शुक्रवारी पेपर दिला (त्याबद्दल आत्ता नको), आणि शनिवारी आम्ही बाजव्याला गेलो.

कारखान्याचे मोठे साहेब उदयसिंहराव यांनी भाषणात विश्वासभाई-विश्वासभाई केलं, शाल घातली. मग दिवे मालवले आणि भिंतीवर वि, श्वा, स, रा, व असं एकेक अक्षर ताठ उभं राहिलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सनई संपेपर्यंत ते नावाची जागा होती तिकडेच बघत होते. नंतर मला म्हणाले, "मराठीत कुणी टाइप केलं?"

"टाइप कुणीही करेल, बाबा. प्रोग्रामला ते लिहायला शिकवलं मी."

पाच मिनिटं समजावून सांगितलं. किती कळलं कोण जाणे, पण मग त्यांनी मला हाताला धरून हॉलभर फिरवलं, साहेबांपासून आइस्क्रीम वाढणाऱ्यापर्यंत. "मारी दीकरीए बनाव्युं छे!" माझ्या मुलीने केलंय, असं प्रत्येकाला. आइस्क्रीमवाल्याने मला दोन कप दिले.

आणि मामा, युहानींनी ती दुरुस्ती मूळ सॉफ्टवेअरमध्ये घेतली. मदत करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे. आता नेपाळात कुणी आपल्या आईचं नाव उमटवलं तरी ते अख्खं उमटेल. माझ्यामुळे! इथे पत्र संपवते, याहून वर जायला जागा नाही.

मामीला नमस्कार.

तुमची लाडकी
मोहना

ता. क. कंपायलर डिझाइनमध्ये मी नापास झाले आहे. (आकृती काढायची होती. मी युहानींची हकीकत लिहिली.) आई-बाबांना सांगून झालंय, ओरडा खाऊन झालाय, ती काळजी करू नका. फेरपरीक्षा मार्चमध्ये आहे.

ता. क. २. खरं काम हे. निवृत्त झाल्यापासून बाबा माझ्याकडून ते सॉफ्टवेअर शिकले आणि आता लॅपटॉप त्यांच्याच मांडीवर असतो. आईच्या पोळ्या लाटण्यावर त्यांनी पाऊण तासाची फिल्म केली आहे, आत दोनदा सूर्योदय होतो. घरात यंत्र एकच, मी अभ्यास कशावर करू? तेव्हा मामा, काहीतरी निमित्त काढून त्यांना महिनाभर कराडला बोलावून घ्या. मी सुचवलं हे मात्र कळू देऊ नका.

ता. क. ३. लक्ष्मीकांतराव, सप्रेम नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला मोहनाने माझ्याकडेच दिलं आणि पाकीट चिकटवायला ती विसरली. तुमच्या निमंत्रणाबद्दल आभारी आहे. पुढच्या सोमवारच्या गाडीने निघतो. लॅपटॉप बरोबर आणतोच आहे.
— विश्वासराव