‘सोडा’ म्हणायचं राहिलं

मंगळवार, ता. ९

प्रिय ताईस,

नमस्कार, दाजींनाही सांग. इकडे सगळं ठीक. नळ गळायचा थांबला, मांजर मात्र अजून माझ्याच उशीवर झोपतं. फोनवर मी तुटक बोलते म्हणून तू रागावलीस. पण माझा आवाज तुला लगेच कळतो, म्हणून लिहायला बसले.

आमच्या एक्स-रेच्या खोलीत मी दिवसभर एकच बोलते: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. शुक्रवारी खोकल्यासाठी तू आलीस. गाऊनच्या नाड्या भलत्याच बांधून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाई, फोटोत जरा बारीक दिसले पाहिजे हां." मी काचेमागे हसत होते. घे म्हटलं, रोखून धर म्हटलं. मग पडद्यावर फोटो उमटला आणि सोड म्हणायचं राहूनच गेलं.

तू लालेलाल झालीस. मशीन अडकलं, असं मी सांगितलं. ताई, मशीन अडकलं नव्हतं.

उजव्या बाजूला एक डाग दिसला. तो कसला, ते मला कळत नाही. काल डॉक्टरांनी पाहिला आणि स्कॅन लगेच करा म्हणाले. ते स्वतः तुला फोन करणार होते. मीच सांगते म्हटलं. तेव्हापासून फोन उचलते आणि ठेवते.

मला फार भीती वाटते आहे. रोज कुणी ना कुणी तिथे उघड्या पाठीने उभं असतं आणि मी "घाबरू नका" म्हणून बटण दाबते. काल एका आजोबांनी विचारलं, काही दिसलं का? एरवी "डॉक्टर सांगतील" म्हणून मी पुढच्याला हाक मारते, काल तशी मारवेना. त्यांच्याजवळ जाऊन बसले. उलट त्यांनीच माझा हात धरला.

एक विचारू? शुक्रवारी तू मान वळवून माझं तोंड पाहिलंस, तरी श्वास धरूनच होतीस. तुला तेव्हाच कळलं ना? म्हणून मशीनचं खोटं मुकाट ऐकलंस आणि जाताना मलाच चहा पाजलास.

दाजी दुपारी तुझं खोकल्याचं औषध न्यायला येतील, त्यांच्या हाती हे पाकीट देते. त्यांना काही बोलले नाही, आधी तुला. गुरुवारी सकाळी स्कॅन आहे. मी रजा टाकली आहे. बटण दुसरं कुणी दाबेल, मी काचेमागे नसेन, तुझ्यासोबत येईन.

तोवर श्वास सोड, ताई. मला अजून जमलेलं नाही.

तुझी
भित्री भागूबाई