शून्य शून्य एक

सिद्धगडाचा पायथा, ता. मुरबाड
रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप छायाताईस,

सप्रेम जय भीम, आणि धाकटेपणाच्या हक्काने तुझ्या पायांना हात. गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींनी मीठ खरंच कमी केलं आहे, की कमी केलं असं नुसतं सांगतात? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. भात झोडून घरात आलं, थंडी सुरू झाली, आणि तुझी भावजय प्रेमा हिने तुझ्यासाठी तांदळाचे पापड वेगळ्या डब्यात ठेवले आहेत. माझी तब्येत उत्तम आहे, कानही उत्तम आहेत. (हे मुद्दाम लिहिलं, कारण पुढे तो विषय निघणार आहे.) फोन सोडून पत्र का, असं वाटेल. तर तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि माझं बोलणं तुझ्या आधी दाजी, सूनबाई आणि समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी ऐकतात.

काल आमची हौशी रेडिओवाल्यांची स्पर्धा होती, सकाळी आठ ते दुपारी दोन. बाबांनी रेल्वेतल्या तारखात्यातून आणलेला तो नाद तुला माहीत आहे, पण स्पर्धा कशी असते ते तुला कधी कुणी नीट सांगितलं नसेल. आपापल्या घरून संच लावायचा, मोर्सच्या डिड-डाने हवेत हाक मारायची, आणि सहा तासांत जितकी माणसं भेटतील तितकी वहीत मांडायची. भेटायचं म्हणजे दोनच गोष्टी सांगायच्या. तुझा आवाज किती स्पष्ट येतो, आणि आजच्या दिवसातला तू माझा कितवा गडी. समोरच्यानेही तेच सांगायचं. दोघांच्या वह्यांत आकडे जुळले तरच गुण. गप्पा नाहीत, ख्यालीखुशाली नाही. (स्पष्टपणाचा आकडा मात्र सगळे एकच देतात, पाच-नऊ-नऊ, म्हणजे लख्ख. अक्षर कळलेलं नसलं तरी आधी लख्ख सांगायचं, मग पुन्हा सांग म्हणायचं. लग्नात जेवणाचं कौतुक करतात त्यातलाच प्रकार.)

सहा वर्षांपूर्वी ही स्पर्धा मी आणि आपला धाकटा नितीन शहापूरला त्याच्या गच्चीवर एकत्र खेळलो होतो. त्या दिवशी माझ्या वहीत तीन आकडे चुकले. नितीन क्लबच्या अकरा माणसांसमोर, हातात सामोसा धरून म्हणाला, ‘दादाला हल्ली ऐकू येत नाय.’ मी हेडफोन पिशवीत घातले आणि एसटी पकडून घरी आलो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद, पुढचं तुला ठाऊक आहे. मधल्या काळात तू दोघांचंही ऐकून घेतलंस आणि दोघांनाही तुझंच बरोबर असं सांगितलंस (प्रेमाकडून कळलं, राग नाही).

तर काल. फणसापासून पाण्याच्या टाकीपर्यंत अँटेनाची तार ताणली होती. सकाळी वानरांची टोळी आली आणि त्यातल्या एका वयस्क नराने तारेवर बसून सगळ्या माळाची पाहणी केली. तो उठेपर्यंत साडेआठ वाजले. मग संच लावला तर आत कुणीच नाही. क्लबच्या ग्रुपवर निरोप होता की सूर्यावर भडका उडाला आहे, आभाळावर आपटून लांबून येणारे आवाज आज येणार नाहीत. जमिनीला धरून जवळपास सरपटत जाईल तेवढंच. मी प्रेमाला सांगितलं की सूर्य बिघडलाय. तिने वर बघितलं. ‘चांगला तर हाये. पापड वाळले सगले.’

बाकी त्या रिकाम्या हवेत बसून राहणं, ताई, वाईट नसतं. हेडफोनमध्ये नुसती सळसळ, कुणीतरी लांब सुपात भात पाखडत असल्यासारखी. मधेच वाटतं, त्या सळसळीत एक हाक आहे. कान देतो तो ती विरते. समोर सिद्धगड निळसर धुक्यात बसलेला, त्याच्या अंगावरून ढगाची सावली इतकी सावकाश सरकते की मीच सरकतो आहे असं वाटावं. मी हाक मारत होतो आणि ती कुठे जात असेल याचा विचार करत होतो. करवंदीच्या जाळ्यांवरून, नदी ओलांडून, कुणाच्या तरी ओसरीवरून, आणि कुणालाच न लागता पुढे. दोन तास असे गेले. जागा होतो की नाही हे शपथेवर सांगणार नाही.

जागं केलं ते कमळच्या गिरणीने. कमळ आमची शेजारीण, तिची भाताची गिरण कुंपणाला लागून आहे. भात निघाल्यापासून तिच्या दारात पोत्यांची रांग असते, आणि मोटर सुरू झाली की माझ्या संचात चक्रीवादळ येतं. मी जाऊन विनंती केली की दोनपर्यंत थांब, सूर्य बिघडला आहे. तिने पदराने तोंडावरचा कोंडा पुसला. ‘काका, सूर्य तुमचा बिगडला, गिरण माजी का बंद? ही मानसं पाडघ्यापास्नं आलीत.’ निघताना तीच म्हणाली, ‘साडेबाराला जेवाया बसते. अर्धा तास घ्या तुमी.’

साडेबाराला गिरण थांबली. इतकी शांतता झाली की कोंडा खाली बसतानाही ऐकू येईल. आणि त्या शांततेच्या तळाशी एक बारीक डिड-डा, डिड-डा सुरू होतं. कुणीतरी मोर्समध्ये हाक मारत होतं, कुणी आहे का, कुणी आहे का. नाव येण्याआधीच मी ओळखलं. लिहिणाऱ्याचं अक्षर असतं तसा मोर्सलाही हात असतो. शेवटचा डा उगाच लांबवणारा हात एकच. बाबा त्याच्या बोटांवर चमच्याने मारायचे त्यासाठी, तरी त्याची ती खोड गेली नाही. आभाळातून कुणी येणार नव्हतं. पण शहापूरकडून जमिनीला धरून, मधले डोंगर चाचपत, नितीन आला होता.

मी बटणावर बोट ठेवून बसलो. उत्तर नाही दिलं तर मला गडी नाही, आणि दिलं तर सहा वर्षांचा अबोला गेला. चार वेळा त्याने हाक मारली. पाचव्यांदा मी माझं खुणेचं नाव टाकलं. पलीकडून आलं, पाच-नऊ-नऊ, शून्य शून्य एक.

एक? नितीनसारख्या चपळ माणसाचे साडेबारापर्यंत चाळीस गडी तरी झालेले असणार. म्हणजे मी चुकीचं ऐकलं. खरंच चुकीचं ऐकलं. ताई, तुला सांगतो, त्या क्षणी मला सामोसा दिसला. पुन्हा विचारावं तर सहा वर्षं नाकारलेली गोष्ट कबूल केल्यासारखं होतं, आणि न विचारता अंदाजाने लिहावं तर त्याचाही गुण बुडतो. बराच वेळ गेला असं वाटलं (प्रत्यक्षात दहा सेकंद असतील). मी विचारलं, पुन्हा सांग.

त्याने चिडून नाही, सावकाश सांगितलं. शून्य शून्य एक. मी परत विचारलं. त्याने अजून सावकाश, लहान मुलाला घास भरवावा तसं सांगितलं. शून्य. शून्य. एक. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बरोबर ऐकत होतो. त्यालाही सकाळपासून कुणी भेटलं नव्हतं. तोही तिकडे गच्चीवर एकटाच हाका मारत बसला होता.

मी माझा आकडा पाठवला. शून्य शून्य एक.

नियमाने इथे भेट संपते. मी हेडफोन काढले नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा तो लांबवलेला हात आला, नियमात न बसणारी अक्षरं घेऊन. ‘दादा जेवलास का.’ मी लिहिलं, ‘नाही. तू?’ आणि तेवढ्यात कमळचं जेवण आटोपलं.

दोनपर्यंत वादळ चालू राहिलं. नंतर प्रेमाने ताट वाढलं आणि विचारलं, ‘झाली काय कोनाशी गाठ?’ मी म्हटलं, एकाशी. ती म्हणाली, ‘दिवसभर बसून एक?’ मी नितीनचं नाव सांगितलं. तिने माझ्या पानात अजून एक भाकर टाकली.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुझा,
रत्नदीप

ता. क. – दोघांनी आपापली वही पुढच्या रविवारपर्यंत आयोजकांना पाठवली तरच माझा तो एक गुण धरतात. नितीन असल्या बाबतीत आळशी आहे. तू त्याला फोन करून पाठवायला सांग. मी सांगितलं असं कळू देऊ नकोस. सहज विषय निघाला असं दाखव.

ता. क. २ – वही नाही पाठवली तरी चालेल. गिरण सुरू झाल्यावरही त्याचं काहीतरी बराच वेळ चालू होतं असं मला वाटतं. काय म्हणत होता, तेवढं विचारून कळव. आणि मी सांगितलं असं कळलं तरी हरकत नाही.