शेवटच्या टाक्याआधी

१४ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, तरी ती जिना चढते आणि वर येऊन जिन्याला शिव्या देते. तुझी प्रकृती बरी असेल.

तुझा अर्ज पोचला. गुरुवारी समिती बसेल. तुला शस्त्रक्रिया विभागात परत घ्यायचं की नाही, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार, हे तुला माहीत आहे. चार वर्षं पशुखाद्याच्या दुकानात काढल्यावर तुला उत्तराची घाई असणार. तरी आधी दुसरं सांगते.

मागच्या महिन्यात एक म्हैस आली. विऊन वीस दिवस झालेले. पोट फुगायचं, उतरायचं, पुन्हा फुगायचं. शेण मूठभर, काळं, चिकट. मालकीण म्हणाली, "तीन डॉक्टर झाले, तिघांनी गॅसचंच औषध पाजलं. आता हिच्यापेक्षा मीच जास्त फुगलेय." डाव्या कुशीतून पहिलं पोट उघडलं, आतला चारा उपसला आणि खांद्यापर्यंत हात घातला. त्याच्या पुढचं जाळीचं पोट जागेवर नव्हतं. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटला होता आणि ते त्यातून छातीत शिरलं होतं. भोकाचा काठ बोटांना लागला, तांब्याच्या तोंडाएवढा.

दोन दिवसांनी तिला उताणी बांधून पडदा शिवला. शेवटच्या टाक्याआधी मी थांबले. मदतीला असलेल्या नव्या मुलीने श्वासाची पिशवी दाबून फुप्फुसं पुरती फुगवली, छातीत शिरलेली हवा बाहेर पडली, मग गाठ मारली. चौथ्या दिवशी म्हैस रवंथ करत होती.

त्या दिवशी घरी येऊन मी तुझा अर्ज पुन्हा वाचला.

तू लिहिलं आहेस, "पिशवी दाबण्यात माझ्याकडून उशीर झाला असावा, याची मला जाणीव आहे." चार वर्षांपूर्वी चौकशीत तू गप्प बसलास तेव्हा मला वाटलं, बहिणीची अब्रू राखतो आहेस. आता दिसतं की तुला खरंच तसं वाटायला लागलंय.

तर ती चार वर्षांपूर्वीची म्हैस. तुझी म्हैस.

मी तार म्हटलं होतं. चाऱ्यातून तार गिळली असेल, ती टोचत असेल, असं वीस विद्यार्थ्यांसमोर सांगून झालं होतं. तू तिच्या छातीला ऐकायची नळी लावलीस, बराच वेळ ऐकलंस आणि म्हणालास, "नुसती तार नाही गं ताई. इथे पोटाची गुरगुर येतेय. जाळीचं पोट वर गेलंय. ऐक ना." नाना ड्रेसरने तोंडावर हात धरला. एक्स-रे निघाला, तू बरोबर ठरलास. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत नाना मला दारात गाठून विचारत होता, "मॅडम, आज निदान तुम्ही करणार की धाकटे साहेब?"

ऑपरेशनला म्हैस उताणी होती, पडदा उघडा होता, तिचा श्वास तुझ्या हातातल्या पिशवीवर चालला होता. एक टाका उरला. तू म्हणालास, "ताई, थांब. फुगवतो." मी गाठ मारली.

ऐकू आलं नाही, असं मी चौकशीत सांगितलं. पिशवी दाबायला तू उशीर केलास, असंही सांगितलं. मला ऐकू आलं होतं.

मग तू सुई पुढे केलीस. "छातीतली हवा ओढून काढू या, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "इथे मॅडम म्हणायचं असतं." आणि श्वासनळीतली नळी काढायला लावली. म्हैस धापा टाकू लागेल, तू घाबरशील, मग मी सुई लावीन आणि ते विद्यार्थी पाहतील, असा माझा बेत होता. बेताला वेळ पुरला नाही. तिची जीभ निळी पडली तेव्हा सुई तुझ्याच हातात होती. मालकाला सांगायला तू गेलास. त्याचं ओरडणं मला नळाच्या आवाजातून ऐकू येत होतं. मी हात धूत होते.

म्हणजे तुझी चूक नव्हती. हे तुला कळावं असं वाटलं.

आता शेरा. तो मी आज सकाळी दिला. "अर्जदाराने स्वतःची चूक लेखी मान्य केली आहे. परत घेण्याची शिफारस नाही." ते वाक्य तू लिहिलं नसतंस तर मला विचार करावा लागला असता. तू काम सोपं केलंस.

तू चांगला सर्जन आहेस. माझ्याहून चांगला, हे त्या ऐकायच्या नळीनेच ठरवलं. एका टेबलाशी आपण दोघं उभे राहू शकत नाही, आणि टेबल माझं आहे.

रविवारी जेवायला ये. आई विचारत असते. तिच्यापुढे हा विषय काढू नकोस. ती तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही आणि मग मलाच तुझी समजूत घालावी लागेल. मी ती नीट घालीन.

हे पत्र टाइप करून छापलंय. खाली सही नाही. राहून गेली असं समजू नकोस.

तुझी मोठी बहीण