आईला तहान लागली होती

बंड्या,

आईला सकाळी दवाखान्यात दाखल केलंय. तू गोळ्यांसाठी दुकानं पालथी घालत होतास, तेवढ्यात ती हाकेला ओ देईनाशी झाली. आता सलाईन चालू आहे आणि ती बोलतेय. तिचे कपडे न्यायला घरी आले, तर तुझा पत्ता नाही आणि फोनही लागत नाही, म्हणून लिहून ठेवते.

डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "जुलाब होत असताना पाणी कोणी बंद केलं?" पाण्याने जुलाब वाढतात, असा मेसेज आला आणि तुला तो खरा वाटला. काल मी कामावर असताना तू दिवसभर तिचे नुसते ओठ ओले करत बसलास. जीव लावूनच बसला असशील. भांडायचं त्राण आता माझ्यात नाही.

पण तोच मेसेज तू इमारतीच्या ग्रुपवर टाकलास. खालच्या शिंप्यांच्या सुनेला कालपासून जुलाब होताहेत. आत्ता सांगायला गेले, तर ते म्हणाले, "तुझा भाऊ तर पाणी नको म्हणतो." तू आल्या पावली खाली जा. चूक झाली म्हण. ओट्यावर जलसंजीवनीची पाकिटं ठेवलीत, ती ने, तिला तुझ्यासमोर पाजायला लाव आणि दवाखान्यात घेऊन ये.

आईने डॉक्टरांना सांगितलं, "मलाच तहान नव्हती हो." तिचं खोटं तसंच राहू दे. ग्रुपवर मात्र तू खरं लिही.

ताई