गोधड्यांच्या वेळचं खोटं

१६ सप्टेंबर १९५२, डोंबिवली
सकाळी उठवेना. डोकं गरगरतंय. घट बसायच्या आत घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या, हा सासूबाईंचा हुकूम. विहिरीवर जायचं मनात आलं तरी रडू येत होतं. सरळ सांगून टाकलं, "मला कावळा शिवलाय." आता चार दिवस कुणी कशाला हात लावू देत नाही! पाळी यायचीच होती, थोडी लांबलीय इतकंच. आज ना उद्या येईल. पापबिप काही नाही.

१७ सप्टें.
कोपऱ्यात घोंगडीवर पडून. सा. एकट्या गोधड्या आपटतायत. मघाशी गुडघा धरून पायरी चढल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता काय बोलणार? हे असते तर निदान यांच्यापाशी... गणपती झाले आणि हे गेले जळगावला, नव्या नोकरीवर. दिवाळीलासुद्धा रजा नाही म्हणे.

२९ सप्टें.
अजून आली नाही. बोलू कुणाशी?

१४ ऑक्टो.
दिवाळीच्या चकल्या. तळणीचा वास आला आणि मोरीकडे धावले. सा.नी पाठीवरून हात फिरवला, लिंबू दिलं. बाईंचं तोंड तिखट, हात मात्र मायेचा. "दिवस गेलेत वाटतं गं!" म्हणाल्या. हसत होत्या. मग हसू थांबलं.
"तो गेल्यावर तू बसली होतीस ना? गोधड्यांच्या वेळी?"
"हो," म्हटलं मी. पटकन. विचार न करता.
त्या चकल्या तळत राहिल्या.

१५ ऑक्टो.
त्यांनी कसला हिशेब केला ते आत्ता लक्षात आलं. देवा रे! हे गेल्यानंतर पाळी आली, तर मग हे मूल कुणाचं?

२६ ऑक्टो., रवि.
वसंतभावोजी कळव्याहून आले. यांचे चुलतभाऊ, दर रविवारी जेवायला असतात. माझ्याशी पत्ते खेळतात, थट्टा करतात. सा.नी दारातच सांगितलं, "यापुढे तो घरी असेल तेव्हाच येत जा." बिचारे तोंड पाडून परत गेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे मनात हे आहे! शी!

२७ ऑक्टो.
सांगून टाकलं. रडत नाही, भांडत. "मी तेव्हा बसलेच नव्हते. चक्कर येत होती, काम नको वाटत होतं, म्हणून खोटं सांगितलं."
सा. मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तेव्हा खोटं बोललीस, की आता बोलतेयस?"
शपथ घेणार होते. पोटातल्याची घेववेना.

३१ ऑक्टो.
कामापुरतं बोलणं. माझ्या ताटात तूप मात्र जास्त. काय समजायचं? सा.नी यांना 'ताबडतोब ये' म्हणून कळवलंय. का, ते नाही कळवलं. हे माझ्यावर विश्वास ठेवतील. पण आई सांगतेय म्हटल्यावर? घराबाहेर काढलं तर माहेरी अण्णा दारात उभं करणार नाहीत. फार भीती वाटते.

५ नोव्हें.
शेजारच्या गोदूकाकू आल्या. मला न्याहाळून, "कितवा गं?"
सा.च ताडकन बोलल्या, "तिसरा. गणपतीत घरीच होता की तो."
"पण मध्यंतरी ही बसलेली ना? मी नाही का तुम्हाला गोधड्या वाळत घालू लागले!"
"कुठली बसतेय! कणकण होती अंगात. मीच म्हटलं, पडून राहा."
काकू गेल्या. मला भरूनच आलं. पाया पडायला वाकले, तर सा.नी पाय मागे घेतले. "घराण्याची अब्रू राखली मी. तुझ्यासाठी नाही काही."
म्हणजे पटलं नाहीच. नुसतं झाकलं. चार भिंतींबाहेर मी चांगली, आत...

८ नोव्हें.
हे आले. किती वाळलेत! आल्या आल्या, "आई, एवढं घाईने बोलावलंस, काय झालं काय?"
मी पाणी घेऊन उभी. सा.नी माझ्याकडे पाहिलं. यांना म्हणाल्या, "आधी पाणी घे." मग मला, "सुमती, तू मागच्या अंगणात बस जरा. मला त्याच्याशी बोलायचंय."
दार लोटून घेतलंय. मी इथे तुळशीपाशी बसून लिहितेय. आतून सा.चा हळू आवाज येतोय, शब्द कळत नाहीत.
आत्ता हे काहीतरी मोठ्याने बोलले. रागावले? की हसले?
उठून दारापाशी जावं म्हणते. वही मिटते आणि जाते.